फास्ट फूडची ॲप्स आणि पॉइंट: बिल खरोखर कमी करायचं असेल तर

एका संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत काउंटरवर फोन पुढे केला. आठ-नऊ महिने साठवलेल्या पॉइंटवर (दर खरेदीला ॲपमध्ये जमा होणारे गुण, जे देऊन खाणं फुकट मिळतं) त्या दिवशी आम्हा दोघी मैत्रिणींचं खाणं फुकट होणार होतं. काउंटरवरच्या मुलाने कोड स्कॅन केला, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, शिल्लक अगदीच थोडी दाखवतंय." बहुतेक पॉइंटची मुदत संपून ते कधीच गेले होते. ॲपने कळवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. कळवलं होतं, पण "आज खास तुमच्यासाठी" छापाच्या रोजच्या सूचनांच्या ढिगाऱ्यात ती एक ओळ कुठे सापडणार? मैत्रीण हसत होती. बिल मी भरलं.

त्यानंतर वही-पेन घेऊन बसले आणि हा सगळा कारभार चालतो कसा ते नीट समजून घेतलं. तुम्ही पहिलंच ॲप उतरवत (डाउनलोड करत) असाल तर माझ्या चुका तुम्हाला फुकटात मिळताहेत, घेऊन टाका.

आधीच एक सांगते. या सगळ्यात पॉइंट ही सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. त्याहून जास्त पैसे ॲपमधल्या ऑफरमध्ये वाचतात, आणि सगळ्यात जास्त वाचतात ते कधी काय खायचं हे ॲप उघडायच्या आधी ठरवल्याने. ॲप उघडून मग भूक लागली की समजा, हिशेब उलटा फिरला.

हाताशी काय हवं

- जो नंबर पुढची काही वर्षं बदलणार नाही असा फोन नंबर. खातं बहुधा नंबरलाच बांधलेलं असतं. नंबर गेला की पॉइंटही गेले.
- जाहिरातींसाठी वेगळा ईमेल पत्ता. कामाचा पत्ता देऊ नका, नंतर पस्तावाल.
- पैसे भरण्याची तुमची नेहमीची साधनं, आणि त्यातल्या कशावर परतावा मिळतो याची माहिती.
- फोनमधलं कॅलेंडर. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सहाव्या पायरीवर लागणार आहे.
- गेल्या तीन महिन्यांत बाहेर कुठे कुठे खाल्लं याचा अंदाज. बँकेच्या नोंदींत तो सहज मिळतो.

१. दोनच ॲप निवडा

नवशिक्यांचा पहिला उत्साह म्हणजे दिसेल ते ॲप उतरवायचं. मीही एका वेळी सात ठेवली होती. सातही ठिकाणी थोडे थोडे पॉइंट, आणि एकाही ठिकाणी बक्षीस मिळेल इतके नाहीत. पाच दुकानांत पाच निम्मी भरलेली कार्डं म्हणजे रिकामा खिसाच.

तीन महिन्यांच्या नोंदी काढा. ज्या साखळीत (एकाच नावाच्या अनेक शाखा असलेल्या दुकानांत) तुम्ही ॲप नसतानाही महिन्यातून किमान दोनदा जाता, तिचं ॲप ठेवा. अशी एकच निघाली तर एकच ठेवा. जिथे वर्षातून दोनदा पाय लागतो तिथे पॉइंट जमवण्यात अर्थ नाही. तिथे फक्त पहिल्या ऑर्डरची ऑफर घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

२. खातं घरी बसून उघडा, पण फार आधी नको

रांगेत उभं राहून खातं उघडणं हा मनस्ताप आहे. मागे चार माणसं, ओटीपी येत नाही, आला तर ॲप म्हणतं आधी नवीन आवृत्ती उतरवा, मग जन्मतारीख, मग शाखा निवडा. तोवर तुमचा नंबर येतो आणि तुम्ही कंटाळून पूर्ण बिल भरता. हे सगळं घरच्या वायफायवर करा.

पण महिनाभर आधीही करून ठेवू नका. नव्या खात्याला मिळणारी स्वागताची ऑफर बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांपुरतीच असते आणि ते दिवस नोंदणीच्या क्षणापासून मोजले जातात. ज्या दिवशी किंवा ज्या आठवड्यात जायचं आहे, त्याच्या आदल्या रात्री खातं उघडा.

ही पहिली ऑफर सहसा सगळ्यात भरघोस असते, आणि त्याचं कारण साधं आहे. कंपनीला तुमच्या फोनमध्ये जागा हवी असते. बर्गर किंगने डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत काय केलं होतं पाहा: तुम्ही मॅकडोनाल्ड्सच्या ६०० फुटांच्या आत जाऊन आपल्या फोनवर बर्गर किंगचं ॲप उघडलं, की व्हॉपर बर्गर एका सेंटला. प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभं राहून आपलं ॲप उतरवायला लावायचं! नऊ दिवसांच्या त्या मोहिमेत दहा लाखांवर लोकांनी ते उतरवलं. त्या एका सेंटच्या बर्गरमध्ये कंपनीचा तोटा झाला असं वाटत असेल तर आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण आठवा. आपण आवळा घ्यायचा, कोहळा जमेल तितका द्यायचा नाही.

तेव्हा स्वागताची ऑफर एकट्याच्या किरकोळ चहा-कॉफीवर उडवू नका. टक्केवारीची सूट असेल तर चार जण मिळून जाल तेव्हा वापरा. फुकट पदार्थ असेल तर त्यासाठी किमान किती बिल करायला लागतं ते आधी वाचा.

जन्मतारीख खरी द्या आणि नीट तपासून द्या. वाढदिवसाला काहीतरी फुकट मिळतं, पण एकदा भरलेली तारीख नंतर बहुधा बदलता येत नाही, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नोंदणी करून काही हाती लागेलच असं नाही.

३. परवानग्या देताना हात आखडता घ्या

ॲप पहिल्यांदा उघडलं की ते तुमचं ठिकाण पाहण्याची परवानगी मागतं. जवळची शाखा शोधायला ते लागतं, हे खरं. पण "ॲप वापरत असताना" एवढाच पर्याय निवडा. "नेहमी" कधीच नको. ही माझी उगाच भीती नाही. कॅनडाच्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या साखळीचं ॲप बंद असतानाही दर काही मिनिटांनी ग्राहकांचं ठिकाण नोंदवत होतं, आणि त्याबद्दल तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी जून २०२२ मध्ये जाहीर अहवालच काढला. त्या नोंदींवरून माणूस राहतो कुठे, कामाला जातो कुठे, प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात कधी शिरतो, याचे अंदाज बांधले जात होते. एका कॉफीसाठी एवढं सांगायची गरज नाही.

फोनबुक, फोटो, मायक्रोफोन यांपैकी काहीही मागितलं तर सरळ नकार द्या. ॲप तरीही चालतं.

सूचनांचं मात्र जरा अवघड आहे. पूर्ण बंद केल्या तर मुदतीची सूचनाही जाते. चालू ठेवल्या तर दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला फोन हटकून वाजतो, बरोबर भुकेच्या वेळी. मी सगळ्या बंद केल्या आहेत आणि तारखा स्वतः लिहून ठेवते. ॲपने मला बोलवावं यापेक्षा मी ॲपकडे जावं, हे बरं.

४. एका पॉइंटची किंमत काढा

इथे थोडा वेळ द्या, कारण एकदा हे गणित केलं की पुढे कुठलंही ॲप तुम्हाला मोठ्या आकड्यांनी भुलवू शकणार नाही.

पॉइंटचा आकडा मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या योजनेत एका डॉलरला १०० पॉइंट मिळतात आणि सगळ्यात खालचं बक्षीस १,५०० पॉइंटना. ऐकायला दीड हजार पॉइंट म्हणजे घबाड. पण त्याचा अर्थ एवढाच की १५ डॉलर खर्च केल्यावर एखादी छोटी वस्तू मिळते. तेच "एका डॉलरला १ पॉइंट, १५ पॉइंटना बक्षीस" असं लिहिलं असतं तर कुणाचे डोळे चमकले नसते.

गणित असं करायचं:

बक्षिसासाठी किती पॉइंट लागतात ÷ एक रुपया (किंवा डॉलर) खर्च केल्यावर किती पॉइंट मिळतात = त्या बक्षिसासाठी करावा लागणारा खर्च.
बक्षिसात मिळणाऱ्या पदार्थाची किंमत ÷ तो खर्च × १०० = परतावा, टक्क्यांत.

समजा १ खर्च केल्यावर (चलन कुठलंही धरा) १० पॉइंट मिळतात आणि २,००० पॉइंटना फ्राइज. म्हणजे २०० खर्च करावे लागतील. फ्राइजची किंमत १४ असेल तर परतावा झाला ७ टक्के. त्याच यादीत ५,००० पॉइंटना मोठा बर्गर असेल आणि त्याची किंमत ५५, तर ५०० च्या खर्चावर ५५, म्हणजे ११ टक्के. इथे थांबून बर्गरसाठी साठवण्यात अर्थ आहे. पण काही ठिकाणी नेमकं उलटं असतं, खालच्या पायरीवरचं पेय जास्त परतावा देतं आणि वरचं जेवण कमी. प्रत्येक पायरी वेगळी मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं.

आता त्यात एक मेख आहे. जो पदार्थ तुम्ही पैसे देऊन घेतला नसता, त्याची छापील किंमत तुमच्या हिशेबात धरू नका. मला गोड शीतपेय आवडत नाही. ते फुकट मिळालं तरी माझ्या लेखी त्याची किंमत शून्यच.

आणि साठवायचं म्हणून वर्षानुवर्षं साठवू नका. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, त्यांचा दर कंपनी तिला वाटेल तेव्हा बदलते. स्टारबक्स या कॉफीच्या साखळीने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत साध्या गरम कॉफीसाठी लागणारे स्टार (म्हणजे त्यांचे पॉइंट) ५० वरून १०० केले. ज्यांनी कॉफीसाठी म्हणून साठवले होते त्यांच्या निम्म्या कॉफ्या एका रात्रीत गेल्या. (त्याच वेळी थंड कॉफीला लागणारे स्टार १५० वरून १०० झाले, हेही खरं, पण ज्याला गरम कॉफी प्यायची त्याला त्याचं काय?) तुमच्या आवडीच्या बक्षिसाइतके जमले की वटवून टाका.

५. ऑफर पाहून टोपली भरू नका

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. मी तर कित्येकदा घसरले.

आकडे कुठल्याही चलनातले समजा. बर्गर ६०, फ्राइज ३०, पेय २५. तुम्हाला भूक बर्गर आणि फ्राइजची आहे, म्हणजे ९०. ॲप उघडता आणि वर मोठ्या अक्षरांत दिसतं: "१२० च्या वरच्या बिलावर २५ टक्के सूट." पेय टाकलं, ११५ झाले. अजून ५ कमी. मग १५ चं आइस्क्रीम टाकलं, १३०. पंचवीस टक्के म्हणजे ३२ आणि वर काही सुटणार, असं मनाशी धरून तुम्ही पुढे जाता. शेवटच्या पडद्यावर सूट दिसते २०. कारण बारीक अक्षरांत होतं, "जास्तीत जास्त २०". भरले ११०.

ॲप म्हणेल, अभिनंदन, तुम्ही २० वाचवले. खिसा म्हणेल, २० जास्त गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. ॲप न उघडता काय खायचं ते ठरवा. मग त्याच पदार्थांची तीन बिलं पाहा: सुटे पदार्थ, कॉम्बो, आणि ऑफर लावून. तिन्हींत जे कमी ते घ्या. कॉम्बोबद्दल एक सूचना: त्यातलं पेय तुम्हाला नको असेल तर "कॉम्बो स्वस्त" हे वाक्य तुमच्यासाठी खोटं आहे. वरच्या उदाहरणात कॉम्बो १०० ला असेल तर तिन्ही वस्तू हव्या असणाऱ्याचे १५ वाचले, दोनच हव्या असणाऱ्याचे १० गेले.

एकावर एक फुकटच्या ऑफरला दोन माणसं हवीत. एकटे असाल तर दुसरा बर्गर थंड होतो, किंवा तुम्ही भूक नसताना खाता.

ऑफरच्या अटी वाचताना पाचच गोष्टी शोधा: किमान बिल, कमाल सूट, कुठल्या शाखांत चालते, किती वाजेपर्यंत, आणि दुसऱ्या ऑफरबरोबर चालते का. बहुतेक ॲप एका ऑर्डरला एकच ऑफर लावू देतात. सूट घेतलेल्या ऑर्डरवर पॉइंट मिळतात का हेही पाहा. काही ठिकाणी सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवर मिळतात, फुकट पदार्थावर मिळत नाहीत. दोन जण असाल आणि दोन वेगळ्या ऑफर लावायच्या असतील तर आपापल्या खात्यावरून दोन ऑर्डर करा. एकाच माणसाने चार नंबरांवर चार खाती मात्र काढू नका. नियमांत ते बसत नाही, आणि लक्षात आलं तर चारही बंद होतात.

६. मुदतीचं घड्याळ कुठलं आहे ते ओळखा

सुरुवातीला सांगितलेली माझी फजिती याच घड्याळामुळे झाली.

मुदतीची दोन घड्याळं असतात. एक खात्याचं: तुम्ही ठरावीक महिन्यांत काहीच खरेदी केली नाही तर सगळे पॉइंट जातात, पण मध्ये एखादी छोटी खरेदी केली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. दुसरं प्रत्येक पॉइंटचं स्वतःचं: मिळाल्यापासून अमुक महिन्यांनी तो जाणारच, तुम्ही रोज जात असलात तरी. मी पहिलं घड्याळ समजून निर्धास्त होते, कारण महिन्यातून एकदा तरी जात होते. माझ्या ॲपचं घड्याळ दुसरं होतं. जुने पॉइंट एकेका महिन्याने गळत होते, नवे पडत होते, आणि मी बेरीज न पाहता बक्षिसाची स्वप्नं पाहत होते.

खातं उघडल्याच्या दिवशीच अटींमध्ये मुदतीचा परिच्छेद शोधा, घड्याळ कुठलं ते बघा आणि कॅलेंडरमध्ये मुदतीच्या पंधरा दिवस आधीची तारीख टाका. मिळालेल्या फुकट पदार्थाच्या कूपनला पुन्हा वेगळी मुदत असते, बऱ्याचदा फारच छोटी. पॉइंट वटवून कूपन बनवलं की ते परत पॉइंट होत नाही, म्हणून वटवायचं काउंटरसमोर उभं राहूनच.

७. काउंटरवरची दोन मिनिटं

कोड आधी, ऑर्डर नंतर. हे वाक्य पाठच करा. एकदा बिल निघालं की काउंटरवरच्या माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. "नमस्कार, माझ्याकडे ॲपचा कोड आहे" इथूनच सुरुवात करा. टचस्क्रीनच्या यंत्रावर स्वतः ऑर्डर करत असाल तर खातं जोडण्याचा पर्याय बहुधा पहिल्याच पडद्यावर असतो आणि लोक घाईत तोच ओलांडून जातात.

ऑफरचा कोड उघडला की त्याच्यावर काही मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. रांगेत पाच जण पुढे असताना उघडू नका. पडद्याची चमक वाढवा, नाहीतर यंत्राला कोड वाचता येत नाही. आदल्या दिवशीचा स्क्रीनशॉट चालत नाही, कोड दर वेळी नवा तयार होतो.

ॲपवरून आधीच पैसे भरून नंतर जाऊन उचलणार असाल तर शाखेचं नाव तीनदा वाचा. मी एकदा पैसे भरून दुकानात पोचले तर माझी ऑर्डर त्याच साखळीच्या, त्याच रस्त्यावरच्या पलीकडच्या टोकाच्या शाखेत वाफाळत होती. ॲपने शेवटची वापरलेली शाखा आपोआप धरली होती. इथल्या मॅनेजरला ती रद्द करता येईना, तिथल्याने बनवून ठेवली होती. चालत गेले. फ्राइज वातड झाले होते.

आणि काही शाखांत ॲपची ऑफर चालतच नाही. साखळीच्या बऱ्याच शाखा वेगवेगळ्या मालकांच्या असतात, कंपनीकडून नाव घेऊन चालवलेल्या; विमानतळ, रेल्वे स्टेशन, हायवेवरची दुकानं इथे तर हमखास विचारून घ्यावं. त्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, नियम त्याने केलेला नाही.

पॉइंट जमा झालेच नाहीत तर? बिलाचा फोटो काढून ठेवा, निदान पॉइंट दिसेपर्यंत. बहुतेक ॲपमध्ये मदतीच्या भागात बिलाचा क्रमांक टाकून मागणी करता येते, पण तिलाही दिवसांची मर्यादा असते.

८. घरपोच मागवणं हा वेगळा खेळ आहे

घरपोच मागवताना पदार्थाची किंमत दुकानातल्यापेक्षा जास्त लावलेली असू शकते, वर पोचवण्याचे पैसे, वर सेवाशुल्क, छोट्या ऑर्डरला आणखी वेगळं शुल्क. या सगळ्यावर "पोचवणं मोफत" ची सूट लागली तरी दुकानात जाऊन घेण्यापेक्षा महाग पडण्याचीच शक्यता जास्त. शिवाय खाणं पोचवणाऱ्या तिसऱ्या कंपनीच्या ॲपवरून मागवलं तर साखळीचे पॉइंट सहसा मिळत नाहीत.

तुलना करताना ऑफर बघू नका, शेवटच्या पडद्यावरची रक्कम बघा. दोन्हीकडे तेच पदार्थ टाका, पैसे भरायच्या आधीच्या पडद्यापर्यंत जा, दोन आकडे शेजारी ठेवा. जवळची शाखा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर निर्णय झालाच. नसेल तर जाण्या-येण्याचा खर्च मोजा. सवलतीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

९. सवलतीवर सवलत

ॲपमध्ये ऑफर एकच चालते, पण ॲपच्या बाहेरची सूट तिच्यावर चढवता येते. तुमच्या कार्डावर बाहेर खाण्याला परतावा असेल तर तो वेगळा मिळतो. साखळीचं गिफ्ट कार्ड कुठे अधिकृतपणे सवलतीत मिळत असेल तर ते घेऊन त्याने बिल भरा. पॉइंट तरीही मिळतात की नाही ते आधी तपासा. बिलाच्या तळाशी छापलेला "अभिप्राय द्या" चा कोड कुणी वाचत नाही, पण काही ठिकाणी पाच मिनिटांची प्रश्नावली भरली की पुढच्या वेळी काहीतरी फुकट मिळतं.

ॲपच्या पाकिटात आगाऊ पैसे भरून ठेवण्याबद्दल मी जरा सावध आहे. काही साखळ्या त्यावर जास्त पॉइंट देतात, म्हणून मोह होतो. पण त्या पैशांवर तुम्हाला व्याज नाही, ते दुसरीकडे वापरता येत नाहीत, आणि शेवटी २३ असे विचित्र आकडे उरतात ज्यांत काहीच येत नाही. मग ते संपवायला पुन्हा भरा. आपोआप भरणा हा पर्याय बंदच ठेवा आणि भरायचेच तर पुढच्या एका खेपेपुरते.

महिन्याचा पास विकणारीही ॲप्स आहेत. पासची किंमत भागिले एका वस्तूची किंमत, एवढंच पाहा. उत्तर आठ आलं आणि तुम्ही पास नसताना महिन्यातून चारदा जात होता, तर पास घेऊ नका.

१०. "अजून फक्त दोनच" या ओळीपासून सांभाळा

२००६ साली जोसेफ नुनेस आणि झेवियर द्रेझ या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गाडी धुण्याच्या दुकानात त्यांनी ३०० ग्राहकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकाम्या चौकटी. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण दोन आधीच शिक्के मारलेल्या. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी.

खातं उघडल्या उघडल्या तुम्हाला मिळालेले ते "स्वागताचे ५०० पॉइंट" आठवतात? ते हेच दोन शिक्के. आणि पडद्यावरची भरत जाणारी पट्टी, "बक्षिसापासून तुम्ही एकच पाऊल दूर", हेही त्याच घराण्यातलं. शेवट जवळ आला की माणूस पावलं भराभर टाकतो. मंगळवारी जाण्याचं कारण नसताना तुम्ही जाता, कारण ८० पॉइंट कमी पडताहेत.

मी एक साधी युक्ती करते. महिन्याच्या शेवटी बाहेर खाण्यावर एकूण किती गेले तो एकच आकडा लिहिते, ॲप घेण्याच्या आधीच्या महिन्यांच्या शेजारी. दर खेपेचं बिल कमी झालं पण खेपा वाढल्या, तर हा आकडा ते लपवत नाही. माझा पहिल्या तीन महिन्यांचा आकडा वाढला होता. दोन ॲप काढून टाकल्यावर उतरला.

११. खात्याची राखण

पॉइंट चोरीला जातात, यावर आधी माझा विश्वास बसला नसता. पण दुसऱ्या कुठल्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड इथे लावून पाहणारे लोक असतात, आणि तुमच्या खात्यावर कार्ड जोडलेलं असलं तर जेवण तुमच्या पैशांचं होतं. प्रत्येक ॲपला वेगळा पासवर्ड ठेवा. ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी. "वर्धापनदिनानिमित्त सर्वांना मोफत जेवण, दहा जणांना पाठवा" हा संदेश ज्याने पाठवला तो तुमचा काका असला तरी ती लिंक उघडू नका. खरी ऑफर असेल तर ती ॲपच्या आत दिसतेच.

१२. ॲप सोडायचं झालं तर

फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं बंद होत नाही. आधी उरलेले पॉइंट वटवा, पाकिटातली शिल्लक संपवा, जोडलेलं कार्ड काढून टाका. मग सेटिंगमध्ये खातं हटवण्याचा पर्याय शोधा. तो सहसा चार पडदे आत, करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत असतो. हटवण्याआधी ॲप तुम्हाला एक शेवटची ऑफर दाखवेल, आणि ती बऱ्यापैकी चांगली असेल. मागच्या महिन्यात मी ती घेतली, बर्गर खाल्ला, आणि घरी येऊन खातं हटवलं.